सोनीचे खेळ: संपणारे आणि न संपणारे

प्लेस्टेशनचं नाव ज्या खेळांनी मोठं केलं, त्या सगळ्यांना शेवट आहे. ‘गॉड ऑफ वॉर’, ‘द लास्ट ऑफ अस’, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हे खेळ कादंबरीसारखे हातात घ्यायचे, काही आठवडे त्यांत बुडून जायचं आणि संपल्यावर बाजूला ठेवायचे. फेब्रुवारी 2022 मध्ये सोनीने वेगळीच दिशा धरली. मार्च 2026 पर्यंत दहाहून अधिक ‘लाइव्ह सर्व्हिस’ खेळ आणायचे, म्हणजे दर सीझनला नवा नकाशा, नवे पोशाख, नवी बंदूक विकत वर्षानुवर्षं चालणारे खेळ, असं तिने जाहीर केलं. ‘डेस्टिनी’ बनवणारी बंजी ही कंपनी तिने 3.6 अब्ज डॉलरला विकत घेतली, तीही याच तयारीसाठी.

या निर्णयामागचा हिशेब समजण्यासारखा होता. अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून 2023 मध्ये बाहेर आलं, की ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागावर सुमारे 22 कोटी डॉलर खर्च झाले होते. एवढा पैसा ओतून एकदाच विकायचा माल तयार करायचा, आणि शेजारी ‘फोर्टनाइट’ फुकट वाटूनही रोज कमावतो आहे, हे पाहून कोणत्याही संचालक मंडळाची झोप उडेल.

चूक झाली ती कारागिरी ओळखण्यात. लग्नाची पंगत उत्तम वाढणाऱ्या आचाऱ्याला खानावळ जमेलच असं नाही; पंगतीतला पाहुणा एकदा जेवून जातो, खानावळीत मात्र तेच गिऱ्हाईक उद्याही यावं लागतं. ‘द लास्ट ऑफ अस’ बनवणाऱ्या ‘नॉटी डॉग’ने डिसेंबर 2023 मध्ये त्याचा ऑनलाइन खेळ रद्द केला, तेव्हा कारणही मोकळेपणाने सांगितलं. तो खेळ चालवायचा तर पुढची कित्येक वर्षं सगळा स्टुडिओ त्यालाच जुंपावा लागला असता आणि कथेचे खेळ मागे पडले असते. त्याच्या महिनाभर आधीच सोनीने मार्च 2026 पर्यंतचं लक्ष्य बारावरून सहावर आणलं होतं.

मग आला सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ हा लाइव्ह सर्व्हिस खेळ. 23 ऑगस्ट 2024 ला बाजारात, 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद. स्टीम या कॉम्प्युटर-खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या सातशेपर्यंतही गेली नाही. सोनीने सगळ्यांचे पैसे परत केले आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. खेळ तांत्रिकदृष्ट्या नीट होता. पण असे खेळ फुकट मिळत असताना 40 डॉलर का मोजायचे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

याच वर्षी फेब्रुवारीत आलेला ‘हेलडायव्हर्स 2’ मात्र बारा आठवड्यांत 1 कोटी 20 लाख प्रतींवर गेला. तो बनवणारा स्वीडनचा ‘अ‍ॅरोहेड’ हा स्टुडिओ सोनीच्या मालकीचा नाही, आणि चौघांनी मिळून खेळायचे खेळ तो 2011 पासून घडवतो आहे. शिवाय हा खेळ प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर एकाच दिवशी आला. मे महिन्यात सोनीने कॉम्प्युटरवाल्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं. अनेक देशांत तसं खातं उघडताच येत नव्हतं, त्यामुळे गदारोळ झाला आणि दोन-तीन दिवसांत सक्ती मागे घ्यावी लागली.

कॉम्प्युटरवर खेळ आणण्याच्या कामातही असाच धरसोडपणा दिसतो. ‘होरायझन झीरो डॉन’ 2020 मध्ये आला, ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी 2022 मध्ये, मूळ खेळानंतर जवळजवळ चार वर्षांनी. या कामात मुरलेला ‘निक्सेस’ हा डच स्टुडिओ सोनीने 2021 मध्ये विकत घेतला आणि ‘स्पायडर-मॅन’, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ नीट उतरले. मार्च 2023 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग मात्र अडखळत, बंद पडत आला, टीव्ही मालिकेमुळे त्याचं नाव घरोघर पोचलं असतानाच. तरीही माझ्या मते सोनीच्या या काळातल्या सगळ्या निर्णयांत कॉम्प्युटरवर खेळ आणण्याचा निर्णयच सर्वांत दूरदृष्टीचा आहे. यंत्र विकत न घेऊ शकणाऱ्याला त्याने कलाकृती दिली.

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावातून पाहिलं तर याचं मोल कळतं. प्लेस्टेशन 5 भारतात आला तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात एवढा पैसा केवळ खेळायच्या यंत्रात कोण घालेल? इथे खेळ पोचणार तो मोबाइलवरून, फार तर अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवरून.

आपल्याकडेही संपणाऱ्या आणि न संपणाऱ्या खेळांच्या दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रॉयल मोबाइलवर आणला. त्याला मोठ्या परदेशी खेळांशी रोजची झुंज आहे. पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स’ने 2020 मध्ये ‘राजी’ हा काही तासांत संपणारा खेळ आधी निन्टेंडो स्विचवर आणि दोन महिन्यांनी कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर उतरवला. लोकवर्गणीचा प्रयत्न 2017 मध्ये फसल्यावरही तो पूर्ण झाला, आणि गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून गेला. मोजक्या माणसांना आणि मोजक्या पैशांना झेपणारी वाट हीच आहे.

अशा खेळाला लागणारी गोष्टही रोहिणखेडलाच आहे. याच परिसरात सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहाने आपल्याच मुलाच्या बाजूने लढणाऱ्या जमाल खानाचा पराभव केला; जमाल खान रणातच पडला. सत्तेसाठी बाप आपल्याच मुलाच्या पक्षावर चालून आल्याची ही गोष्ट कुणीतरी चार-पाच तासांच्या खेळात सांगायला हवी. त्याला सर्व्हर लागत नाही, सीझन लागत नाही. साध्या कॉम्प्युटरवर चालेल एवढी काळजी पुरे. आपल्या तरुण खेळकारांनी सोनीची नक्कल करायचीच असेल, तर ती तिच्या संपणाऱ्या खेळांची करावी.