वाडा पाहिला, घर राहिले

परळीहून निघणाऱ्या सहलीच्या मोटारी आजवर बहुधा देवाच्याच वाटेने गेल्या. वैजनाथाचे दर्शन घ्यायचे, औंढ्या नागनाथ आणि घृष्णेश्वर करून परतायचे, हा शिरस्ता. अलीकडे या वाटेवर ऐतिहासिक वाड्यांचेही थांबे आले आहेत. सिंदखेड राजा, वेरूळ, चौंडी अशी तीन दिवसांची फेरी मुलाबाळांसह करणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. बेत चांगला आहे. तक्रार आहे ती पाहण्याच्या रीतीबद्दल. आपण वाडाही देवळासारखाच पाहतो. म्हणजे बाहेरून नमस्कार करतो, छायाचित्र घेतो आणि गाडीत येऊन बसतो.

सिंदखेडचेच घ्या. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा तो उंच दरवाजा पाहून छाती दडपते, हे खरे. येथे जिजाऊंचा जन्म झाला. 12 जानेवारीला येथे माणसांचा पूर लोटतो. पण दरवाज्यातून आत गेल्यावर काय? माहिती सांगणारा गृहस्थ तलवारी, स्वाऱ्या आणि पराक्रम यांचीच माळ ओवीत राहतो. आमच्या गाडीतल्या एका आजीबाईंनी त्याला मध्येच थांबवून विचारले, "लेकरा, चूल कुठं होती इथं?" गाडीतले लोक हसले. तो गृहस्थही हसला, आणि पुन्हा तलवारीकडे वळला.

मला विचाराल तर त्या तीन दिवसांत विचारला गेलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न. वाडा म्हणजे आधी घर. त्याला ढाळज असते, सोपा असतो, माजघर असते, देवघर असते. अंधारी का होईना, बाळंतिणीची खोली असते. धान्याची बळदे आणि पेवे असतात, आणि ती भरणारे कुळवाडी त्या दरवाज्याबाहेर कोठेतरी राहत असतात. हे सारे वगळले की उरतो तो नुसता दगड. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून ज्या जागेपुढे आपण हात जोडतो, ती कोणा आईच्या कळांची जागा होती, हे एकाही सहलीत कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी वेरूळला जाते. वेरूळ म्हणजे भोसल्यांचे गाव. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष तेथे आहेत. सिंदखेड हे जिजाऊंचे माहेर आणि वेरूळ हे सासरचे गाव. म्हणजे आपली मोटार अर्ध्या दिवसात एका लेकीला माहेराहून सासरी नेऊन पोहोचवते! आणि वाटेत काय लागते? देवगिरीचा किल्ला. तेथेच 1629 सालच्या जुलैत निजामशाही दरबारात लखुजीराव मुलांसह मारले गेले. शिवाजीराजांचा जन्म 1630 च्या फेब्रुवारीतला. महिने मोजून पाहा, म्हणजे ती बातमी जिजाऊंना कोणत्या अवस्थेत मिळाली असेल ते कळेल. एवढी मोठी कथा रस्त्याच्या कडेला उभी असताना गाडीत चर्चा चालते ती किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयाराची.

इंग्लंडात अशा सहली फार जुन्या. वारसाकराने घायकुतीला आलेल्या तिथल्या उमरावांनी आपली घरे नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. लॉर्ड लोथियन 1940 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे ब्लिकलिंग हॉल असेच ट्रस्टकडे गेले. तिथे दिवाणखान्याइतकाच मान स्वयंपाकघराला मिळतो. पेटवर्थच्या मुदपाकखान्यातली तांब्याची भांडी लोक मुद्दाम पाहायला जातात. नोकरांचे जिने, धुण्याच्या खोल्या, सारे दाखवतात. म्हणून त्यांचे सगळेच वाखाणावे असे मात्र नाही. कंपनी सरकारची नोकरी करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने ग्लॉस्टरशायरात सेझिन्कोट येथे मोगली घुमटाचे घर उठवले. ट्रस्टच्या ताब्यातील 93 वास्तूंचा वसाहतींशी वा गुलामगिरीशी संबंध होता, हे ट्रस्टने अहवालात मांडले ते 2020 साली, आणि त्यावरही तिकडे केवढा गहजब झाला! चूल दाखवायला ते लवकर शिकले. सरपण कोठून आले ते सांगायला त्यांनाही वेळ लागला.

आपल्या मराठवाड्यात वेळ दवडणे अधिक महाग पडते. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. ते योग्यच झाले. पण गढ्यांचा सांभाळ करणारा हातही सुटला. पांढऱ्या मातीचे बुरूज पावसागणिक खचले. पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर माळवदाखाली निजायला माणूस भ्यायला लागला, यात नवल नाही. भयापोटी उतरवलेल्या त्या घरांची हळहळ शहरातून आलेल्या पाहुण्याने करू नये. पण ती घरे कशी होती, त्यांत कोण कोठे बसे, कोणाला सोप्यावर येण्याची मुभा नव्हती, हे सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.

ही उणीव नाटकाने पुष्कळ भरून काढली आहे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' विजया मेहता यांनी 1985 मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातले देशपांड्यांचे घर विदर्भातले. पण अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आणि सारखी वेळ विचारणारी म्हातारी पाहून मराठवाड्यातला प्रेक्षकही ओशाळतो. तिथे पराक्रम कोणाचाच नाही. मोडत चाललेला मोठेपणा आणि तो स्वयंपाकघरात राहून सावरणाऱ्या बायका, एवढेच आहे. सहलीला निघण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून हे नाटक मोठ्याने वाचावे. माहितीपत्रकाहून ते अधिक उपयोगी पडेल.

चौंडी त्या मानाने भाग्यवान. मानकोजी शिंद्यांच्या घरी 1725 मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला, तो वाडा नीट राखलेला आहे, आणि आकाराने घर वाटावा असा आहे. तेथे मुले आपणहून विचारू लागतात: ती कोठे खेळत असेल? पाणी कोठून आणीत? वैजनाथाच्या ज्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, त्याच्या पायऱ्या ही मुले रोज चढतात. पण अहिल्याबाई कधीकाळी लहान होत्या, हे त्यांना चौंडीत प्रथम उमगते.

सहल आखणाऱ्यांना सुचवायचे ते इतकेच. सिंदखेडला अर्धा तास ठेवता तिथे दोन तास ठेवा. गाडीत एखादी म्हातारी असेल तर तिला पुढच्या बाकावर बसवा. आणि पहिल्या दिवशी परळी सोडण्याआधी, जुन्या वस्तीत कोणाचे माळवदी घर अजून उभे असेल तर घरमालकाच्या परवानगीने मुलांना त्यात तासभर फिरू द्या. बळदात डोकावू द्या. तिथला चहा घेऊन मगच गाडी हलवा.