परतणारा खेळाडू आणि श्रेणींची शिडी : ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या खेळाची एक चिकित्सा

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी व नाटक यांच्या जोडीला लोकगीत, तमाशा, चित्रपट यांनाही कालांतराने आपल्या विचारकक्षेत घेतले. भ्रमणध्वनीवरील सामूहिक खेळांना मात्र ते स्थान अद्याप मिळालेले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी व्यसन, अभ्यासाचे नुकसान आणि पालकांची चिंता या अंगाने. ही चिंता निराधार आहे असे नाही. परंतु खेळ चांगला की वाईट हा प्रश्न समुपदेशकाचा आहे. खेळ अनुभवाची रचना कशी करतो, तो आपल्या वाचकाला (येथे खेळाडूला) काय देऊ करतो आणि देताना कोणती लबाडी करतो, हा प्रश्न समीक्षेचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा असून, त्यासाठी दीर्घ खंडानंतर खेळाकडे परतणाऱ्या खेळाडूचा अनुभव आधारभूत मानला आहे.

असा खंड या खेळाच्या बाबतीत दोनदा पडला. ‘पबजी मोबाईल’ हा खेळ मार्च २०१८ मध्ये जगभर उपलब्ध झाला आणि अल्पावधीत जळगाव-धुळ्याच्या वसतिगृहांपासून तापीकाठच्या केळीपट्ट्यातील गावांपर्यंत पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो होता. ३० ऑक्टोबरपासून भारतात तो पूर्णपणे थांबला. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲपच्या दुकानांतून काढून टाकण्यात आला. ज्यांच्या भ्रमणध्वनीत तो आधीपासून होता त्यांचा खेळ पुढे काही काळ चालला. ज्यांनी दरम्यान भ्रमणध्वनी बदलला त्यांना तो नव्याने घेता आला नाही. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षणाच्या अटीवर परवानगी मिळून त्याच महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला. खेळाडूने कंटाळून सोडावे आणि ओढ लागून परतावे, असे येथे घडलेले नाही. त्याला घालविले गेले आणि पुन्हा बोलाविले गेले. त्यामुळे त्याच्या परतण्यात आनंदाबरोबर एक हिशेबही असतो : आपले जे होते ते आहे का?

खेळाची मूळ रचना साधी आहे. शंभर जण एका विमानातून बेटावर उतरतात. उतरताना कोणाच्याही हाती शस्त्र नसते. घराघरांतून बंदुका, औषधे, चिलखत गोळा करावयाचे, आकुंचन पावत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहावयाचे आणि अखेरपर्यंत जिवंत राहावयाचे. साधारण अर्ध्या तासात डाव आटोपतो. या अर्ध्या तासाला आरंभ, विकास आणि अंत आहे. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याला वस्तू आहे. मुख्य म्हणजे येथे मृत्यू पूर्ण असतो. जमविलेले सारे पडते, दुसरा उचलून नेतो, आणि पुढच्या डावात पुन्हा रिकाम्या हातांनीच उडी घ्यावी लागते. मागच्या डावातील विजेताही याला अपवाद नाही.

या डावाच्या डोक्यावर दुसरी एक रचना उभी आहे, तिला खेळात प्रगती म्हणतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सर्वांत वर कॉन्करर अशा श्रेणी असून खालच्या श्रेणींच्या पुन्हा पाच-पाच पायऱ्या आहेत. (सुवर्णनगरी म्हणून मिरविणाऱ्या जळगावच्या वाचकास येथे सोने खालून तिसऱ्या पायरीवर आहे याची गंमत वाटावी.) कॉन्करर ही श्रेणी केवळ पहिल्या पाचशे जणांसाठी आहे, म्हणजे ती कौशल्याने मिळते तितकीच दुसऱ्याला खाली ढकलून मिळते. याखेरीज ‘रोयाल पास’ नावाची समांतर शिडी आहे. तिच्यावर रोजची नेमून दिलेली कामे करून चढावयाचे असते, आणि घाई असेल तर पैसे भरून पायऱ्या विकतही घेता येतात. वर मिळतात ते पोशाख, रंगविलेल्या बंदुका आणि पदव्या. पोशाखाने लढण्याचे बळ वाढत नाही, तो केवळ दिसतो. ठरावीक काळाने हंगाम संपतो, सर्वांच्या श्रेणी खाली आणल्या जातात आणि चढण पुन्हा सुरू होते.

डाव संपतो आणि शिडी संपत नाही, हा या संहितेतील मूलभूत अंतर्विरोध आहे. तो समजून घेण्यास खानदेशातील आखाजीचा सण उपयोगी पडतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि पुरुषमंडळी पत्त्यांचे डाव मांडतात. हरणाऱ्याच्या खिशाला चाट बसते हे खरे. पण गेल्या वर्षीच्या विजेत्याला यंदा कोणी उंच पाटावर बसवीत नाही, त्यालाही तेवढीच पाने वाटली जातात. याच आखाजीला सालदाराचे साल संपते, मागचा हिशेब होतो आणि नव्या वर्षाची बोली ठरते. सालदारकीची प्रथा आता बरीच ओसरली असली तरी तिची स्मृती ताजी आहे. एकाच दिवशी डावही मांडला जाई आणि सालही धरले जाई, परंतु या दोन गोष्टींची गल्लत कोणी करीत नसे. प्रस्तुत खेळाने नेमकी हीच गल्लत केली आहे. त्यातील सामना हा पत्त्यांचा डाव आहे, हंगाम ही सालदारकी आहे. आणि खेळाडूला मात्र दोहोंचे नाव खेळ असेच सांगितले जाते. फरक एवढाच की सालदार मालकाकडून उचल घेई आणि ती कष्टाने फेडी. ‘रोयाल पास’मध्ये उचलही खेळाडूच देतो आणि ती वसूल होण्यासाठी राबतोही तोच. २०२३ मध्ये परतलेल्या खेळावर अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि प्रौढांसाठी सहा तास अशी मर्यादा आली. सहा तासांना मर्यादा म्हणावे लागते, यावरूनच या राबण्याची व्याप्ती कळते.

परतणारा खेळाडू या दोन रचनांच्या सांध्यावर उभा राहतो, म्हणून त्याचा अनुभव महत्त्वाचा. जो रोज खेळतो त्याला सांधा दिसत नाही. २०२१ साली जुन्या खेळातील नोंद नव्या खेळात आणण्याची सोय दिली गेली होती. नाव बदलले, रक्ताचा रंग बदलला, ‘किल’चे ‘फिनिश’ झाले, हे जग आभासी असल्याची सूचना आरंभी ऐकू येऊ लागली. पण कपाट तेच राहिले. परतलेल्याला कपाटात जुने पोशाख जसेच्या तसे सापडतात आणि श्रेणी मात्र घसरलेली असते. म्हणजे जे पैशाने किंवा हजेरीने मिळाले ते टिकले, आणि जे काही अंशी तरी कौशल्याने मिळाले ते गेले. खेळाची मूल्यव्यवस्था इतक्या उघडपणे अन्यत्र कोठे बोलत नाही.

परंतु येथेच एक अनपेक्षित गोष्ट घडते आणि तिचे श्रेय खेळाला द्यावयास हवे. श्रेणी गेलेली असल्यामुळे ती जपण्याचे ओझेही गेलेले असते. श्रेणीचे गुण मोठ्या प्रमाणात किती काळ जिवंत राहिलात यावर ठरत असल्याने, वरच्या पायरीवरील खेळाडू घरात दडून बसतो, गोळीबाराचा आवाज आला की उलट दिशेने जातो, जखमी साथीदाराला उचलण्यासाठी उघड्यावर येण्यापूर्वी मनाशी गुणांची वजाबाकी करतो. प्रगती खेळाला असे भित्रे करून टाकते. परतलेला खेळाडू मात्र सुरुवातीचे काही दिवस बेधडक उतरतो, गर्दीच्या पोचिंकीत उडी घेतो, साथीदारासाठी धावतो आणि मरतो. या दिवसांत डाव आपल्या मूळ रूपात भेटतो. अर्थात यालाही गालबोट आहे. खालच्या श्रेणींत समोर येणाऱ्यांपैकी बरेच जण माणसे नसून संगणकाने चालविलेल्या बाहुल्या असतात. त्या सरळ रेषेत चालत येतात आणि पडतात. परतलेल्याला आपला हात शाबूत असल्याचा भास होतो. हा विजय म्हणजे परत आलेल्या जावयाला मुद्दाम हरून दाखविणाऱ्या सासऱ्याचा बुद्धिबळाचा डाव होय. भास ओसरला की खरी माणसे हवीशी वाटतात, आणि खरी माणसे वर आहेत म्हणून तो पुन्हा शिडी चढू लागतो.

या बेटावर ईशान्येकडे यास्नाया पोल्याना नावाची वस्ती आहे. उंच इमारती आणि भरपूर साहित्य यांमुळे ती खेळाडूंच्या ओळखीची. हे नाव टॉलस्टॉयच्या राहत्या गावाचे आहे, हे तेथे उतरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्याच टॉलस्टॉयचा कलाविचार अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या पुस्तकाद्वारे मराठीत आणला. माणसाने स्वतः अनुभवलेली भावना दुसऱ्यात संक्रमित होणे ही टॉलस्टॉयच्या मते कलेची खूण. उसनवारी, अनुकरण, चटकदार परिणाम आणि निव्वळ कुतूहल चाळविणे ही बनावट कलेची साधने. या निकषाची कठोरता सर्वांना मान्य होणार नाही. टॉलस्टॉयने त्याच निकषाने बीथोव्हेनलाही नाकारले होते. तरीही प्रस्तुत खेळापुरता तो नेमका लागू पडतो. शेवटच्या वर्तुळात गवतात पालथे पडून चौघे जण श्वास रोखतात, तेव्हा एकाची भीती दुसऱ्यात खरोखर संक्रमित होते. पोशाख हा परिणाम आहे, रोजची कामे हे कुतूहल आहे. त्यांतून कोणाची कोणतीच भावना कोणाकडे जात नाही.

एवढ्यावर निवाडा देता आला असता, तर हा विषय सोपा होता. परंतु शिडीच्या बाजूने एक गोष्ट सांगावीच लागते. धुळे-जळगावची कितीतरी तरुण मुले कामासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे जातात. ताप्ती व्हॅलीच्या उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेचा खानदेशी कामगार ये-जा करतो आणि तेथील वस्त्यांतून अहिराणी सर्रास ऐकू येते. एकाच आळीतील चार मित्र चार शहरांत पांगल्यावर त्यांना रोज रात्री एकत्र आणणारी गोष्ट कोणती होती? सामन्याची ओढ रोज नसते. आजचे काम आजच पूर्ण केले नाही तर पायरी हुकते, ही धास्ती मात्र रोज असते. कंपनीने ती स्वतःच्या लाभासाठी रचली, तरी तिच्या आडून भेट होत होती. श्राव्य संवादात ‘आठे ये’, ‘तठे शे’ असे शब्द एका रशियन नावाच्या वस्तीत उमटत होते. प्रमाण मराठीत शाळा शिकलेल्या आणि कारखान्यात हिंदी-गुजराती बोलणाऱ्या मुलाला दिवसातून तेवढीच घटका आपली बोली मिळत होती. २०२० च्या टाळेबंदीत या घटकेचे मोल काय होते, हे निराळे सांगावयास नको.

नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून खानदेशातील आपल्या गावी परततो तेव्हा त्याच्या हाती पदवी नसते, नाव नसते, दाखविण्यासारखे काही नसते. प्रगतीचे कोणतेही माप त्याला लावता येत नाही आणि कादंबरी ते लावण्याचे नाकारते. वर्षे गेली, ही नोंद ती निर्भीडपणे घेते. प्रस्तुत खेळाला नेमके हेच जमत नाही. दीर्घकाळाने आलेल्या खेळाडूचे बक्षिसे देऊन स्वागत करण्याची रीत अशा खेळांत रूढ आहे : नाणी, पेट्या, थोड्या दिवसांचा पोशाख. मधल्या काळात खेळाडूने परीक्षा दिली असेल, पोलीस भरतीत तो धावला असेल, घरातील कोणी गेले असेल. खेळाच्या लेखी तो केवळ गैरहजर होता आणि गैरहजेरी पेटी उघडून भरून काढता येते. स्पर्धा परीक्षांच्या शिडीवर वर्षानुवर्षे एकाच पायरीवर उभ्या असलेल्या तरुणाला ज्या खेळाने रोज एक पायरी दिली, त्याने त्याच्या थांबण्याला मात्र भाषा दिली नाही.

मालिकेची आतषबाजी नवी आहे, नकाशे वाढले आहेत, शस्त्रांची यादी लांबली आहे; या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. परतलेला खेळाडू त्याकडे फार वेळ पाहत नाही. तो प्रथम मित्रांची यादी उघडतो. तीत चालू असलेली नावे वर आणि उजळ, बंद असलेली खाली आणि फिकट असतात. शेवटी कधी आला होता तेही समोर लिहिलेले असते. जुन्या चौकडीतील एखादे नाव उजळ असते, त्याची श्रेणी बरीच वर गेलेली, आणि तो आता दुसऱ्याच तिघांबरोबर सामन्यात असतो. उरलेल्या जागा यंत्र अनोळखी माणसांनी भरते. विमान निघते, कोणीतरी हिंदीत कोठे उतरायचे ते विचारतो, आणि परतलेला खेळाडू सवयीने नकाशावर यास्नाया पोल्यानाला खूण करतो.