'एपिस्टोलरी' म्हणजे नुसतं 'पत्ररूप' नव्हे

आज एकाच शब्दाला धरून बोलू. इंग्रजी समीक्षेत 'एपिस्टोलरी' असा शब्द आहे. त्याचं मराठी आपण 'पत्ररूप' किंवा 'पत्रात्मक' असं करतो. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. पण या भाषांतरात अर्धा शब्द वाटेतच गळतो, असं आता आम्हाला वाटतं.

मूळ ग्रीक 'एपिस्टोले'. 'एपि' म्हणजे कडे आणि 'स्टेलेइन' म्हणजे सज्ज करून रवाना करणे. लॅटिनने त्याचं 'एपिस्टोला' केलं, त्यावरून 'एपिस्टोलारिस' हे विशेषण झालं आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. म्हणजे या शब्दात कागद नाहीच. आहे ते धाडणं. याच धातूपासून 'अपोस्टोलोस' झाला, म्हणजे पाठवलेला माणूस. मराठी बायबलात त्याला 'प्रेषित' म्हणतात, ते अगदी नेमकं आहे. आपलं 'पत्र'ही मुळात 'पत्' म्हणजे उडणे यावरून आलेलं. आधी पंख, मग झाडाचं पान, मग लिहिलेला कागद. उडणं विसरलं, पान तेवढं उरलं.

तुम्ही म्हणाल, त्याने बिघडलं काय? आपल्याच भागात बघा. साताऱ्याकडे वाईहून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. सांगलीकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. दोघांचे उपकार फिटणार नाहीत. पण नावंच बघा ना: 'साधने', 'लेख'. आपण ही पत्रं पुरावा म्हणून वाचली, पत्र म्हणून नाही.

राजवाड्यांच्या त्या खंडात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं आहेत. पैसा पाठवा, नावा जमवा, असा तगादा त्यांत आहे. इतिहासकार त्यातून तारखा आणि रकमा काढतो. तेच तेच मागणं त्याला पुनरुक्ती वाटेल. पण धाडणाऱ्याच्या बाजूने वाचा. मागच्या पत्राचं काय झालं हे नीट न कळता पुढचं लिहावं लागतं. त्या पुनरुक्तीतच पानिपतच्या आधीची सगळी काळजी आहे. समीक्षेचं काम तिथे सुरू होतं.

आणि शब्द शोधायला लांब जायला नको. 'प्रेषक' हा शब्द आपल्याकडे आहेच. घरी जुनी पत्रं असतील तर आज काढा. मजकुराआधी पोस्टाचे दोन शिक्के बघा, निघाल्याचा आणि पोचल्याचा. मधले दिवस मोजा आणि मगच वाचायला घ्या.