नागपूर शहराची सन १८२५ ची गणती : एका आंकड्याचें परीक्षण

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यासंबंधीं लिहितांना व बोलतांना एक विधान पुष्कळ वेळां केलें जातें. तें असें कीं, भोसल्यांच्या अमदानींत नागपूर शहराची वस्ती एक लाख पंधरा हजारांची होती. पुढें सन १८५४ सालीं राज्य खालसा झालें, दरबार मोडला, आश्रित देशोधडीस लागले, आणि वस्ती चौऱ्यांशीं हजारांवर आली. विधान ऐकण्यास सयुक्तिक वाटतें व अभिमानासही पोषक आहे. परंतु ज्या दोन आंकड्यांवर तें उभें आहे, ते एकमेकांशेजारीं मांडण्याजोगे आहेत कीं नाहींत, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो विचार करावा, व त्या निमित्तानें गांवोगांवच्या जुन्या खानेसुमाऱ्यांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, असा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘खानेसुमारी’ हा शब्द फारशी. खाना म्हणजे घर व शुमारी म्हणजे मोजणी. म्हणजे शब्दार्थानें ही घरांची मोजदाद आहे, माणसांची नव्हे. माणसांच्या मोजणीस आपल्याकडे शिरोगणती हा निराळा शब्द आहे. पुढें सरकारी जनगणनेसही लोक खानेसुमारीच म्हणूं लागले, व त्यामुळें दोन भिन्न वस्तूंस एकच नांव पडलें. जुन्या कागदाच्या मथळ्यावर ‘खानेसुमारी’ पाहून त्यांतील बेरीज माणसांची समजणें, किंवा बेरजेस पांचांनीं गुणून वस्ती ठरविणें, हा घोटाळा येथूनच उद्भवतो. समजा, एखाद्या शहरांत २०,००० घरें लागलीं. घरटीं चार माणसें धरल्यास वस्ती ८०,००० होते, सहा धरल्यास १,२०,०००. म्हणजे केवळ गुणक बदलल्यानें ४०,००० माणसें उत्पन्न होतात अथवा नाहींशीं होतात. ज्या वाड्यांत तीन बिऱ्हाडें व पांच आश्रित राहतात तो, आणि ज्या झोंपडींत एकटी विधवा राहते ती, दोन्ही यादींत एकेक घरच.

कित्येक विद्वान् या ठिकाणीं कौटिल्याकडे धांव घेतात. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरकाच्या हाताखालीं गोप नांवाचा अधिकारी सांगितला आहे. त्यानें दहा, वीस किंवा चाळीस कुळांचा भाग संभाळावा, व त्यांतील स्त्रीपुरुषांची जाति, गोत्र, नांव व व्यवसाय यांसह संख्या आणि आयव्यय जाणावा, असें तेथें विधान आहे. ही योजना सूक्ष्म आहे यांत शंका नाहीं. परंतु विधि हा विधि आहे. तो अनुष्ठानाचा पुरावा होऊं शकत नाहीं. ‘करावें’ या वचनावरून ‘केलें होतें’ असें अनुमान काढणें मीमांसेच्या सामान्य विद्यार्थ्यासही शोभणार नाहीं. याउलट सतराव्या शतकांत मारवाडांत मुंहता नैणसी यानें परगण्यांच्या वर्णनांत कसब्यांतील जातवार घरांचे आंकडे दिले, किंवा अठराव्या शतकांतील पुण्याच्या पेठांच्या खानेसुमाऱ्या पेशवे दफ्तरांत सांपडतात, हा प्रत्यक्ष लेख होय. आमचें काम अशा लेखांशीं आहे.

आतां मूळ आंकड्याकडे वळूं. रिचर्ड जेंकिन्स हा नागपूरचा रेसिडेंट. सन १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली. पुढें आप्पासाहेब पदच्युत झाले व अल्पवयी रघोजी तिसरे गादीवर बसले. तेव्हांपासून सन १८२६ पर्यंत राज्याचा प्रत्यक्ष कारभार जेंकिन्सच्याच हातीं होता. त्या कारभाराचा वृत्तांत म्हणून त्यानें जो विस्तृत अहवाल लिहिला, तो सन १८२७ सालीं कलकत्त्यास छापला गेला. शहराची सन १८२५ ची सुमारे १,१५,००० ही वस्ती त्याच काळच्या गणतीची आहे.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावी ती ही कीं, हा आंकडा ‘भोसल्यांच्या अमदानीचा’ आहे तो नांवापुरता. गादी भोसल्यांची, परंतु मोजणारा हात रेसिडेंटाचा. दुसरी गोष्ट साक्षीदाराच्या हेतूची. राजाच्या स्वाधीन कारभार करण्याची वेळ जवळ आली असतां, आपल्या हातीं राज्य असतांना प्रजा सुखी व वस्ती भरभराटलेली होती, असें दिसावें ही इच्छा कोणत्याही कारभाऱ्यास स्वाभाविक आहे. यावरून जेंकिन्सनें आंकडा फुगविला असा आरोप आम्ही करीत नाहीं. तसा आरोप करण्यास आधार नाहीं. त्याचा अहवाल परिश्रमाचा आहे, व त्यांतील जमीनमहसुलाची व जातींची माहिती आजही उपयोगी पडते. परंतु साक्ष मोलाची असली तरी साक्षीदाराची उलटतपासणी टळत नाहीं.

तिसरी गोष्ट कराची. नागपूर राज्यांत बिगरशेतकरी लोकांवर, म्हणजे दुकानदार, कारागीर इत्यादिकांवर, पांढरी नांवाचा कर असे. काळीवर सारा व पांढरीवर हा कर, अशी ती वांटणी होती. इंग्रजी अमलांतही हा कर पुष्कळ वर्षें चालला. ज्या ठिकाणीं गणतीमागें कर उभा असतो, तेथें दोन दोष संभवतात. ज्यास कर लागूं नाहीं त्याचें घर टिपण्याची लेखकास गरज भासत नाहीं. आणि ज्यास कर लागूं आहे तो आपलें घर वेगळें लागूं देत नाहीं, भावाच्या घरांत मोडतो. म्हणून जुनी यादी हातीं येतांच ती कोणत्या पट्टीकरितां केली, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

दुसरा आंकडा सन १८७२ च्या जनगणनेचा, ८४,४४१. त्यापुढील आंकडे असे : सन १८८१ सालीं ९८,२९९; १८९१ सालीं १,१७,०१४; १९०१ सालीं १,२७,७३४. म्हणजे जेंकिन्सच्या वेळची संख्या गांठण्यास शहरास ६६ वर्षें लागलीं असें दिसतें. दोन्ही आंकड्यांमधील तूट सुमारे ३०,५०० ची, म्हणजे मूळ संख्येच्या चतुर्थांशाहून अधिक आहे. ती खरी असल्यास मोठा अनर्थ झाला असला पाहिजे. परंतु ती खरी ठरण्यापूर्वीं दोन गोष्टी स्पष्ट व्हावयास हव्या : सीमा व दिवस.

सीमेची गोष्ट पाहा. नागपुरापासून सुमारे पांच कोसांवर कामठीची छावणी सन १८२१ च्या सुमारास बसली. सन १८२५ सालीं ती बाल्यावस्थेंत होती. पुढें तेथें फौजेच्या मागोमाग व्यापारी व कारागीर जाऊन मोठी पेठ झाली. सन १८८१ सालीं कामठीची वस्ती सुमारे ५१,००० भरली, म्हणजे त्या वेळच्या नागपूरच्या निम्म्याहून अधिक. पुढें नागपूर वाढलें तशी कामठी उतरली, व सन १९०१ सालीं तिची वस्ती ३८,८८८ राहिली. नागपुरांतून जे ‘नाहींसे’ झाले त्यांपैकीं कांहीं जण पांच कोसांवर सुखानें दुकान मांडून बसले नसतील कशावरून? शिवाय सन १८६४ सालीं नागपूरची नगरपालिका स्थापन झाल्यावर शहराची एक कायदेशीर हद्द ठरली. सन १८२५ च्या मोजणाऱ्यापुढें ही हद्द नव्हती.

दिवसाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सन १९०१ सालीं १,२७,७३४ असलेली वस्ती सन १९११ सालीं १,०१,४१५ भरली. आणि सन १९२१ सालीं ती १,४५,१९३ झाली. पहिल्या दहा वर्षांत पंचमांशाहून अधिक तूट, व पुढील दहा वर्षांत चाळीस हजारांवर वाढ! यांतील पहिले दोनच आंकडे एखाद्यास उपलब्ध असते, तर त्यानें नागपूरच्या ऱ्हासावर केवढा प्रबंध लिहिला असता. वस्तुतः त्या काळांत रेल्वे होती, सन १८७७ पासून एम्प्रेस गिरणी चालू होती, मध्यप्रांताची राजधानी येथेंच होती. कारण निराळेंच होतें. गणतीच्या दिवसांत प्लेगची सांथ होती, आणि लोक घरांस कुलुपें घालून बाहेर पडले होते. जनगणना तेव्हां एका रात्रींत होई. जो जेथें सांपडला तेथें तो मोजला जाई. शहर ओस पडलें नव्हतें, शहर त्या रात्रीं बाहेर होतें.

मुंबईचें उदाहरण याच जातीचें आहे. हिंदुस्थानव्यापी जनगणनेपूर्वीं, सन १८६४ सालीं मुंबई बेटाची स्वतंत्र गणती झाली, ती ८,१६,५६२ भरली. सन १८७२ सालीं ६,४४,४०५. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला तेव्हां जी गर्दी लोटली, ती भाव उतरतांच पांगली. पुढें सन १९०१ चा ७,७६,००६ हा आंकडा प्लेगनें बिघडला आहे, हें ओळखून मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें सन १९०६ सालीं आपली निराळी गणती करविली, ती साडेनऊ लाखांच्या वर गेली. सन १९११ च्या ९,७९,४४५ या आंकड्यानें तिला दुजोरा मिळाला. सरकारी जनगणनेवर न विसंबतां शहरानें स्वतः आपलीं माणसें मोजणें हें किती मोलाचें असतें, तें यावरून कळेल. सन २०११ नंतरची दशवार्षिक जनगणना सन २०२१ सालीं झाली नाहीं, हें लक्षांत घेतां हा प्रश्न केवळ जुन्या काळचा नाहीं.

मग निर्णय काय? आमच्या मतें तो असा. सन १८२५ सालीं नागपूर हें लाखाच्या आसपास वस्तीचें मोठें शहर होतें, एवढें जेंकिन्सच्या आंकड्यावरून निःशंक म्हणतां येतें. सन १८५४ नंतर दरबारावर पोट असणाऱ्यांची दशा वाईट झाली, हेंही कारणपरंपरेवरून संभाव्य आहे. परंतु ‘तीस हजार माणसें खालसानें घालविलीं’ हें वाक्य या दोन आंकड्यांतून निघत नाहीं. कारण या दोन आंकड्यांमध्यें खालसा जशी आहे, तशी कामठी आहे, हद्द आहे, गणतीची निराळी रीत आहे. इंग्रजी राज्यावरील दोषारोप खरा असेल तर तो खऱ्या पुराव्यानें सिद्ध व्हावा. कच्च्या पुराव्यानें खरा पक्षही दुबळा होतो.

तो खरा पुरावा कोठें मिळेल? मोठ्या अहवालांत नव्हे, तर पेठवार, गल्लीवार, घरधन्याच्या नांवानिशीं केलेल्या याद्यांत. सीताबर्डी, महाल, इतवारी येथील एकाच आळीच्या पन्नास वर्षांच्या अंतरानें केलेल्या दोन याद्या जर समोरासमोर ठेवतां आल्या, तर कोणतें घर टिकलें, कोणतें पडलें, कोणाचा धंदा बदलला, हें डोळ्यांनीं दिसेल. आणि नेमक्या याच कागदांची आपल्याकडे हेळसांड होते. रुमाल सोडला कीं शिक्क्याचें पत्र निवडून घेतलें जातें, त्याची नक्कल होते, तें छापलें जातें. आणि नांवांच्या लांबलचक याद्या ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात. वाळवीस व रद्दीवाल्यास दोन्ही कागद सारखेच. परंतु पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या दफ्तरांत मिळण्याचा संभव असतो, यादीची बहुधा नसतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच. खानेसुमारीचा कागद हातीं आल्यास त्याचीं पानें सोडवूं नयेत, क्रम मोडूं नये, व कोणाच्या घरून व कोणत्या रुमालांतून आला तें त्यावर नोंदवावें. छापतांना केवळ बेरीज न देतां यादी सबंध द्यावी. खाडाखोड व रिकाम्या जागाही दाखवाव्या, कारण लेखक कोठें अडला तें त्यावरून कळतें. घर, चूल, कुळ व माणूस हे शब्द मुळांत जसे असतील तसेच ठेवावे, एकाच्या जागीं दुसरा घालूं नये. आणि अशा याद्यांत जाति लिहिलेल्या असतात, त्यांवरून कोणाचें उच्चनीचत्व ठरविण्याचा उद्योग कोणी करूं नये. यादी करणाऱ्याच्या मनांत पट्टी होती, वर्णविचार नव्हता.

ज्या कुणब्याचें, कोष्ट्याचें, तेलिणीचें नांव दुसऱ्या कोणत्याही बखरींत नाहीं, त्यांचा या शहरांत राहिल्याचा एकुलता एक लेख कदाचित् अशा यादींतील एक ओळ असेल. राजांचीं पत्रें जपलीं गेलीं. आतां या ओळी जपल्या जाव्या.