गिरह आणि रिमिक्स

रिमिक्स म्हणजे निव्वळ चोरी, असे आपले बुजुर्ग म्हणतात. पण कव्वालीतली गिरह ते विसरतात. कव्वाल दुसऱ्याचा शेर आणून मूळ ओळीला बांधतो आणि फिरून त्याच ओळीवर येतो. कामठीच्या हातमागावरही ताणा कायम ठेवून बाणा बदलतात.

'समाधी'तले (१९७२) मजरूह सुलतानपुरींचे 'कांटा लगा' २००२ मध्ये नव्याने आले, तेव्हा लोकांच्या लक्षात चित्रफीत राहिली, मजरूह नाहीत. साबरी बंधूंची 'ताजदार-ए-हरम' आतिफ असलमने २०१५ मध्ये कोक स्टुडिओत गायिली; साज बदलला, याचना तीच राहिली. म्हणून रिमिक्सवाल्याला एवढेच विचारावे की, मूळ ओळीवर परत आलात का आणि शायराचे नाव घेतलेत का?