कार्यकर्त्याचे घर आणि आत्मकथनाची संहिता

कार्यकर्त्याच्या घराकडे मराठी समीक्षा बहुधा त्यागाच्या परिभाषेतून पाहते: पती लढतो, पत्नी सोसते, मूल वारसा घेते. उषा डांगे यांच्या ‘पण ऐकतं कोण?’ या आत्मकथनाचे शीर्षकच या मांडणीस छेद देते. तो प्रश्न वाचकाइतकाच घराला आणि पक्षाला उद्देशून आहे, असे म्हणण्यास जागा आहे. श्रीपाद अमृत डांगे यांना मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात अटक झाली. त्यांच्या मुलीचे नाव रोझा. मराठी घरात हे नाव सहजगत्या येत नाही. ते रोझा लक्झेंबर्गचे स्मरण घेऊनच येते, आणि मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याच्यावर एक संहिता लिहिली जाते. अशा मुलाचे स्वत्व त्या संहितेला दुजोरा देऊन घडते की तिच्याशी झगडून? चरित्रक्रम येथे सोपे उत्तर देत नाही. रोझा देशपांडे १९७४ च्या पोटनिवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. १९८० मध्ये त्या वेगळा कम्युनिस्ट पक्ष उभारणाऱ्यांत होत्या. १९८१ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षातून काढले गेलेले वडील पुढे त्याच पक्षात गेले. म्हणजे वारसा उलट दिशेने वाहिला. ‘वारसदार’ आणि ‘बळी’ ही समीक्षेची दोन्ही लाडकी पदे (दुसरे तर अलीकडे फारच स्वस्त झाले आहे) येथे अपुरी पडतात, आणि आईचे आत्मकथन मुलीच्या बाजूने पुन्हा वाचावे लागते.