'झोप लागली का?' : एका प्रश्नाची समीक्षा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे १८५९ सालचे पुस्तक आपल्याकडे नावाने सर्वांना ठाऊक आहे, पण वाचलेले कोणी क्वचितच भेटते. हाती दिवा घेतलेल्या करुणामूर्तीच्या चित्राने त्या पुस्तकातली करडी, काहीशी चिडखोर आणि तर्कनिष्ठ लेखिका झाकून टाकली आहे. मी परिचारिका नाही की डॉक्टरही नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून नर्सिंगची क्रमिक पुस्तके जमवत गेलो आणि ती या पुस्तकाशेजारी ठेवून वाचत राहिलो. त्या वाचनातून जे मत बनले, ते इथे मांडतो.

नाइटिंगेल म्हणजे भावना आणि आजची पुस्तके म्हणजे शास्त्र, अशी विभागणी सर्रास केली जाते. मला ती मुळातच चुकीची वाटते. या बाई संख्याशास्त्रज्ञ होत्या. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. आजाऱ्याच्या निरीक्षणावरच्या प्रकरणात त्यांचा सारा रोख ढिसाळ प्रश्नांवर आहे. 'रात्र चांगली गेली का?' या प्रश्नाची त्यांनी केलेली चिरफाड पाहावी. सलग दहा तास झोप न मिळालेला एक रोगी 'नाही' म्हणतो. पाच अहोरात्र डोळ्याला डोळा न लागलेला, पुढे त्यानेच दगावलेला दुसरा रोगीही तेच उत्तर देतो. शब्द एक, अवस्था दोन. म्हणून त्या सांगतात, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारा. 'भूक नाही' या शेऱ्याचेही त्या चार भाग पाडतात: स्वयंपाक बिघडला आहे, पदार्थ चुकीचा निवडला आहे, वेळ चुकली आहे, की खरोखरच भूक मेली आहे? चारही कारणांवरचे उपाय वेगळे.

या पुस्तकात दोष नाहीत असे नाही. संसर्गाविषयीची त्यातली मते आज टिकणारी नाहीत. शिवाय हे क्रमिक पुस्तक नव्हेच; घरातल्या आजाऱ्याची जबाबदारी असलेल्या स्त्रियांसाठी दिलेल्या या सूचना आहेत, असे लेखिकाच प्रस्तावनेत स्पष्ट करते. पण धूसर शब्दाला प्रश्न विचारून नेमके करण्याची ही रीत मात्र जुनी झालेली नाही.

आता पहिल्या वर्षाचे कोणतेही क्रमिक पुस्तक उघडा. प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वसन १२ ते २०, तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास. हे आकडे पाठ हवेतच. तक्रार आकड्यांबद्दल नाही. आकडा कसा मिळवायचा आणि तो हाती आल्यावर पुढे काय विचारायचे, याला दिलेल्या जागेबद्दल आहे. श्वसनाचेच उदाहरण घ्या. ते पूर्ण मिनिटभर मोजायचे आणि रोग्याला न सांगता मोजायचे, कारण लक्ष गेले की श्वासाची लय बदलते. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट न सोडता छातीकडे पाहत राहायचे. हा बारकावा बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो आणि मग वॉर्डातल्या तक्त्यावर ओळीने १८, २०, १८, २० उमटत जातात. वास्तविक प्रकृती ढासळण्याची पहिली चाहूल अनेकदा श्वासातूनच लागते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर'मध्ये श्वसन २५ किंवा अधिक असेल, तर त्या एका नोंदीला ३ गुण मिळतात आणि तेवढ्यावर रोग्याची तातडीने तपासणी करावी लागते. २०१७च्या सुधारित आवृत्तीत 'नव्याने आलेला गोंधळलेपणा' यालाही ३ गुण दिले गेले. 'नव्याने' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. रोगी काल कसा बोलत होता हे ज्या परिचारिकेला ठाऊक आहे, तिलाच हे गुण देता येतील. यंत्र ते देऊ शकत नाही.

इथून प्रश्न आपल्या भाषेकडे येतो. आपल्या विद्यार्थिनी इंग्रजी पुस्तकातून शिकतात आणि रोगी मराठीत बोलतो. 'चक्कर येते' हे त्याचे वाक्य तक्त्यावर एका इंग्रजी शब्दात बंद होते. पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर निजवून आणि उभे करून रक्तदाब मोजायला हवा. कूस बदलताना खोली गरगरत असेल, तर संशय अंतर्कर्णाकडे जातो. एकाएकी तोल जाऊन जीभ जड झाली असेल, तर पक्षाघाताच्या शंकेने तत्काळ डॉक्टरांना बोलावले पाहिजे. 'गॅस झालाय' हे तर त्याहून धोक्याचे. वृद्धांत, मधुमेहींत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका नेहमीच्या छातीदुखीवाचून येऊ शकतो आणि तो या एका शब्दाआड सहज लपतो. दम लागतो म्हणणाऱ्या आजोबांना 'रात्री किती उशा लागतात? पूर्वी किती लागायच्या?' असे विचारले, तर निकामी होत चाललेल्या हृदयाचा माग लागू शकतो.

सर्वांत फसवा शब्द 'बरं'. 'आजी, बरं वाटतंय ना?' या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. सिस्टर कामात आहे, तिला कशाला त्रास द्यायचा, म्हणून आजी 'हो बाई, बरं आहे' म्हणतात. तो शिष्टाचार असतो. प्रकृतीची नोंद तेवढ्यावर करता येत नाही. 'रात्री जाग किती वाजता आली? कशाने आली? मग पुन्हा डोळा लागला का?' असे विचारले, तर त्याच आजी सगळे सांगतात.

'कणकण', 'कसकस', 'घाबरं होणं', 'चमक', 'भरून येणं' या शब्दांकडे आपले कोशकार अर्थ देण्यापुरते पाहतात आणि नर्सिंगची पुस्तके त्यांच्याकडे पाहतच नाहीत. त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द देऊन भागणार नाही. प्रत्येक शब्दाखाली विद्यार्थिनीने विचारायचे तीन-चार प्रश्न आणि कोणत्या उत्तरावर डॉक्टरांना लगेच बोलवायचे, एवढे छापले पाहिजे. असे पुस्तक एकट्या भाषाभ्यासकाच्या किंवा एकट्या डॉक्टरच्या हातून होणार नाही. वॉर्डात वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकांना बरोबर घेऊनच ते लिहावे लागेल, कारण आज तो शब्दसंग्रह त्यांच्यापाशीच आहे आणि त्या निवृत्त होत आहेत.